बापाचा चेहरा कसा काढू? लहानपणावरचं कॉमिक अडकलं

पराटीवाला:
मंडळी, मी यवतमाळकडच्या एका खेड्यातला, दुकानाच्या पाट्या रंगवतो, अन् रात्री लहानपणावर कॉमिक काढून रायलो. बाप पेयाचा. लाईन गेलेली राहे, आई मले अन् बहिणीले घेऊन तुरीत जाऊन बसे, अन् बाप कसा येऊन रायला ते मले सायकलच्या चेनकव्हरवरून कळे, सलग वाजलं तं ठीक, थांबून थांबून वाजलं तं आज काही खरं नाही. आता चेहरा काढला की सिनेमातला व्हिलन दिसते, हुबेहूब काढला तं हात थांबते, कारण तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदी त्यानंच करून देल्ला होता. बाकीच्यांनी असलं लहानपण कोणत्या स्टाईलनं काढलं?

कोरा_कागद:
डेव्हिड स्मॉलचं 'स्टिचेस' पाहा भाऊ, 2009 चं. बाप रेडिओलॉजिस्ट, त्यानं सायनससाठी पोराले एक्सरे देल्ले, पुढं पोराले घशाचा कॅन्सर, 14 व्या वर्षी ऑपरेशनमधून उठला तं आवाजच गेलेला, अन् कॅन्सर आहे हे घरच्यांनी सांगतलंच नाही. सगळं राखाडी वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईत, शब्द एकदम कमी. मायबापाच्या चष्म्याच्या काचा बरेचदा नुसत्या पांढऱ्या, डोळेच नाहीत. चेहरा दुष्ट नाही काढला, पोराले तो वाचताच येत नव्हता हे काढलं! अन् त्या घरात बोलत कोणी नाही, आई कपाटाची दारं आपटते, बाप पंचिंग बॅग बडवते, भाऊ ड्रम वाजवते. तुमचं चेनकव्हर तेच आहे ना. चेहरा राहू द्या.

शाई_सांडली:
'पर्सेपोलिस' पण बघा, मर्जान सत्रापीचं, निव्वळ काळं-पांढरं. एका माणसाचे तुकडे केले हे ती लहानपणी मोठ्यांकडून ऐकते अन् चित्रात ते तुकडे बाहुलीसारखे, आतून पोकळ, रक्ताचा थेंब नाही. लहान पोरीच्या डोक्यात तसंच दिसणार ना, तिनं कुठं पाह्यलं होतं. मला तर ते रक्तापेक्षा जास्त लागलं.

बांधावरचा:
बाहेरचेच कायले सांगता? 'भीमायन' आहे ना, 2011 चं. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींवर, चित्रं दुर्गाबाई अन् सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. 1901 चा गोरेगावचा प्रवास, लहान पोरं तहानलेली अन् पाणी कोणी देत नाही. चौकटीच नाहीत त्यात, अन् जहरी बोलणं विंचवाच्या नांगीवाल्या फुग्यात, साधं बोलणं पाखराच्या आकाराच्या. शेवटी ज्याची त्याची रेषा असते, पराटीवाला भाऊ, पाट्यांवरची अक्षरं तुमच्या हातात हायेत तं तो आवाज अक्षरानंच काढा, दूर हाये तवा बारीक, फाटकाशी आला की पानभर. बाकी एक विचारतो, राग नका मानू, हे तुमच्या एकट्याचं लहानपण नाही, बहिणीले दाखवलं का?

पराटीवाला:
काल दाखवलं. तिले सायकल आठवतच नाही म्हणे. तिले आठवते, तुरीत बसल्यावर आई बांगड्या वर कोपरापर्यंत चढवून हातानं दाबून धरे, वाजू नये म्हणून. मले हे माहीतच नव्हतं. आता समोरासमोरची दोन पानं करतो, एकावर फक्त चेनकव्हर, दुसऱ्यावर आईचा हात, त्याच्यात एकही अक्षर नाही. बांधावरचा भाऊ, 'खडर्र' लिहू का 'खरड खरड'?