शाळेच्या कोपऱ्यावर वळणापर्यंत गाड्या लावतात, नो पार्किंग नक्की मागायचं कोणाकडे? महापालिका की ट्रॅफिक?

गल्ली_नंबर_तीन

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण थोडक्यात विचारलं की सगळे "ट्रॅफिकला फोन करा" एवढंच सांगतात.

आमच्या एरियात एक प्राथमिक शाळा आहे, सकाळ-दुपार दोन शिफ्ट. शाळेची गल्ली जिथे मेन रोडला मिळते त्या कोपऱ्यावर अगदी वळणापर्यंत दोन्ही बाजूंना चारचाक्या उभ्या असतात. एका बाजूला मेडिकल आणि बेकरी, दुसऱ्या बाजूला जिम. फूटपाथ आहे पण त्याच्यावर टू व्हीलर चढवलेल्या, म्हणजे पोरांनी चालायचं रस्त्यावरून आणि क्रॉस करायचं दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून. गेल्या आठवड्यात दुसरीतला एक मुलगा मोठ्या एसयूव्हीच्या पुढून बाहेर आला आणि मेन रोडवरून आत वळणाऱ्या रिक्षावाल्याला तो दिसलाच नाही. कचकन ब्रेक मारला तरी धक्का लागलाच, पोरगं आडवं पडलं, दोन्ही गुडघे फुटले, डब्यातली पोळी-भाजी रस्त्यावर. रिक्षावाले दादा हळूच वळत होते, त्यांची काहीच चूक नव्हती, आम्ही त्यांना पाणी दिलं तर त्यांचेच हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच पालक वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथे म्हणाले रस्ता आमचा, पण पार्किंगचं ट्रॅफिकवाले बघतात. ट्रॅफिकला गेलो तर म्हणाले तिथे बोर्डच नाही, मग आम्ही उचलायच्या कशा, बोर्ड महापालिका लावते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला कोणावर बोट दाखवायचं नाहीये, मला तो कोपरा मोकळा झालेला बघायचाय. कोणी हे प्रत्यक्ष करून घेतलंय का? अर्ज कोणाच्या नावाने करायचा, त्यात काय लिहायचं?

निवृत्त_जेई

ताई, मी एका महापालिकेच्या रस्ते विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. दोघंही तुम्हाला अर्धं खरं सांगतायत.

नो पार्किंगचा, सम-विषम तारखेच्या पार्किंगचा, वन वेचा आदेश पोलीस काढतात. पोलीस आयुक्तालय असेल तर वाहतूक शाखेचे उपायुक्त. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५, ११६, ११७ यांच्याखाली तो निघतो. आधी तात्पुरता आदेश, त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम आदेश. आदेश निघाला की बोर्ड लावणं, पट्टे मारणं, फूटपाथ दुरुस्त करणं हे महापालिकेचं काम. म्हणजे कागद पोलिसांचा आणि रंग-लोखंड महापालिकेचं. एकाला पत्र दिलं की तो दुसऱ्याकडे पाठवतो, त्यामुळे पत्र एकच लिहा आणि दोघांनाही द्या, वरती दोघांची नावं, आणि मागणी एका ओळीत: "सदर ठिकाणी वाहतूक शाखा व महापालिका यांची संयुक्त पाहणी करावी व पाहणी अहवालाची प्रत मिळावी". संयुक्त पाहणी हा शब्द पत्रात पाहिजेच. त्याशिवाय फाईल हलत नाही, कारण जेईला, म्हणजे महापालिकेच्या ज्युनियर इंजिनिअरला, एकट्याने काही ठरवायचा अधिकार नसतो आणि पोलीस हवालदारालाही नसतो.

दोन्हीकडे आवक नंबर आणि शिक्का घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता बोर्ड नाही म्हणून कारवाई नाही, हे सगळीकडे लागू होत नाही. फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, कोणाच्या गेटसमोर गाडी लावायला तशीही बंदीच आहे, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये ते स्पष्ट लिहिलंय. त्याला वेगळा बोर्ड लागत नाही. तेव्हा फूटपाथवरच्या टू व्हीलरची तक्रार आजपासून सुरू करा, महाट्रॅफिक ॲपवर फोटो टाकता येतो. पहिल्या वेळी ५०० दंड, पुन्हा केलं तर १५००. रोज चार फोटो गेले तर चौकीलाही कळतं की ह्या ठिकाणाची कोणीतरी नोंद ठेवतंय.

आणि एक महत्त्वाचं. पूर्ण गल्लीला नो पार्किंग मागू नका. तसं मागितलं की पहिल्या दिवशी अख्खी गल्ली विरोधात जाते. कोपरा मागा. वळणापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, बस्स.

पेठेतला_दुकानदार

मी दुकानदार आहे त्यामुळे दुसरी बाजूही ऐका. आमच्या इथे रातोरात नो पार्किंगचे बोर्ड लागले, पर्यायी जागा काहीच नाही, टोइंगची गाडी दर तासाला, गिऱ्हाईक दुकानात शिरेपर्यंत गाडी उचललेली. लोक वैतागून यायचेच बंद झाले. त्यामुळे पार्किंग काढायचं म्हटलं की दुकानदार भांडायला का उठतात ते समजून घ्या, पोटाचा प्रश्न असतो.

पण कोपऱ्याचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतंय. आणि आमच्याच लोकांना एक गोष्ट सांगतो, दुकानासमोर दिवसभर जी गाडी उभी असते ती नव्वद टक्के वेळा गिऱ्हाइकाची नसते, ती मालकाची नाहीतर कामगाराची असते. सकाळी नऊला लावली की रात्री नऊला हलते. एका चारचाकीच्या जागेत चार-पाच टू व्हीलर आरामात बसतात आणि बेकरी-मेडिकलचं गिऱ्हाईक जास्त करून टू व्हीलरवरच येतं. तुम्ही मेडिकलवाल्यांशी आणि बेकरीवाल्यांशी आधीच जाऊन बोला, त्यांना सांगा कोपऱ्याच्या दहा मीटरनंतर पुढच्या जागेत टू व्हीलर पार्किंग आखून मागतोय. ते सही करतील. पाहणीला साहेब आले की पहिले ते दुकानदारांनाच विचारतात, "तुमची काय हरकत?"

पे अँड पार्कचंही माझं मत सांगतो, पाहिजेच. पण पुण्यात बघा ना, मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग पॉलिसी मंजूर केली, विरोध एवढा झाला की पाच रस्त्यांवर प्रयोग करायचा ठरला, आणि तो पण रखडला. मुंबईत जुलै २०१९ मध्ये पालिकेने सार्वजनिक वाहनतळाच्या जवळ रस्त्यावर गाडी लावली तर पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला होता. तिथे निदान जवळ वाहनतळ होता म्हणून दंडाला काही अर्थ. जिथे जागाच नाही तिथे नुसता दंड म्हणजे लोक पुढच्या गल्लीत जाऊन लावणार.

आपलीच_गाडी

मूळ प्रश्न गाड्याच जास्त झाल्यात हा आहे. परिवहन मंत्री सरनाईक मे २०२५ मध्ये बोलले होते ना की पार्किंगची जागा असल्याचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय नवीन गाडीचं रजिस्ट्रेशन नाही. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, गाडी घ्यायच्या आधी पोलिसांकडून जागेचा दाखला घ्यावा लागतो. हायकोर्टानेही २०२१ मध्ये म्हटलं होतं की जागा नसताना एकेका कुटुंबाने चार-चार पाच-पाच गाड्या ठेवायला परवानगी देऊ नये. ते होत नाही तोवर बोर्ड लावा नाहीतर काही लावा, गाड्या कुठेतरी उभ्या राहणारच.

गल्ली_नंबर_तीन

@आपलीच_गाडी तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण तो नियम उद्या आला तरी नव्या गाड्यांना लागू होणार, आमच्या कोपऱ्यावर आज ज्या उभ्या आहेत त्या तिथेच राहणार आणि सोमवारी साडेसातला शाळा भरणार. गाड्या किती आहेत हा माझा प्रश्नच नाहीये. त्याच गाड्या दहा मीटर आत लावल्या तरी मला चालेल. पोर ड्रायव्हरला दिसलं पाहिजे आणि पोराला येणारी गाडी दिसली पाहिजे, एवढंच मागतेय मी.

@निवृत्त_जेई काका खूप आभार, संयुक्त पाहणीचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. एक विचारायचं होतं, काही पालक म्हणतायत की हे सगळं राहू दे, स्पीडब्रेकर मागू, तो लगेच मिळतो. काय करावं?

चालत_जाणारा_पुणेकर

स्पीडब्रेकर लगेच मिळतो हे खरंय आणि तोच त्रास आहे. रात्री डांबराचा एक ढीग ओतून जातात, ना रंग ना बोर्ड. इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी ९९ आहे त्यात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, म्हणजे गाडी २५ च्या स्पीडने सावकाश वर चढून उतरते. आपल्याकडे अर्ध्या मीटरच्या रुंदीत तेवढीच उंची करून ठेवतात, त्याच्यावर टू व्हीलरवाले पडतात आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेची वाट लागते. आणि तुमच्या केसमध्ये रिक्षा हळूच वळत होती असं तुम्हीच लिहिलंय. मग स्पीडब्रेकरने काय साधणार? ३० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या वर जाते, १५ ला चार मीटर. मूल दोन पावलांवर असताना पहिल्यांदा दिसलं तर हळू चालवणाराही थांबू शकत नाही. दुसरीतलं मूल साधारण सव्वा मीटर उंच, एसयूव्ही पावणेदोन मीटर. ते मूल गाडीच्या पुढ्यात उभं असलं तरी बाजूने येणाऱ्याला त्याचा केससुद्धा दिसत नाही.

मागायचंच असेल तर रेझ्ड क्रॉसिंग मागा, म्हणजे क्रॉसिंगच फूटपाथच्या लेव्हलला उचललेलं, त्याने स्पीडही कमी होतो आणि पोरं वरती दिसतात. आणि कोपऱ्यावर फूटपाथ थोडा पुढे वाढवून घ्या. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ आणि पार्किंगच्या ठरलेल्या जागा केल्यात, जिथे फूटपाथच बाहेर आलाय तिथे गाडी लावायला जागाच राहत नाही, पोलिसाची गरज नाही. नुसता बोर्ड लावला तर आठ दिवसांत त्याच्याच खाली गाडी उभी असते. एवढा खर्च मंजूर होईपर्यंत निदान बोलार्ड, म्हणजे गाडी चढू नये म्हणून रोवलेले छोटे खांब, लावून घ्या, पण दोन बोलार्डमधून व्हीलचेअर जाईल एवढं अंतर ठेवायला सांगा.

तुमचं शहर पुणं असेल तर अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, २००६ पासून चालू आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, पावसाळ्यात मुदत असते. फूटपाथ दुरुस्ती, बोलार्ड असली छोटी कामं त्यातून होतात. बाकी शहरात नगरसेवकाचा वॉर्ड निधी हाच रस्ता.

अमेय_सॅन_होजे

मी इकडे कॅलिफोर्नियात असतो, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. इथे अगदी ह्याच गोष्टीचा राज्याचा कायदा झालाय, क्रॉसिंगच्या अलीकडे २० फूट, म्हणजे सहा मीटर, गाडी लावायची नाही, फूटपाथच्या कडेला (कर्बला) लाल रंग असो वा नसो. २०२५ पासून दंड सुरू झाला. सुरुवातीला इथेही लोक ओरडले की पार्किंग गेलं. पण माझ्या मुलीच्या शाळेजवळ फरक लगेच कळतो, कोपऱ्यावर थांबलं की लांबपर्यंत दिसतं, आणि मुलाने क्रॉसिंगवर पाय टाकायच्या आधीच ते ड्रायव्हरला दिसतं. तेव्हा दहा मीटर जास्त वाटून कोणी अडवत असेल तर सहावर या, पण त्याच्या खाली येऊ नका.

निवृत्त_जेई

पुणेकरांनी बरोबर लिहिलंय, स्पीडब्रेकरच्या मागे लागू नका ताई.

अजून एक आठवलं ते आधीच सांगायला हवं होतं इतकं कामाचं आहे. २०११ चे महाराष्ट्राचे स्कूल बसचे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे असं आहे. अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि सदस्यांमध्ये पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, त्या भागातले पोलीस निरीक्षक किंवा वाहतूक निरीक्षक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आणि स्थानिक प्राधिकरणाचा म्हणजे महापालिकेचा प्रतिनिधी. तुम्ही ज्या दोन ऑफिसांमध्ये फिरताय ती दोन्ही ह्या एकाच समितीवर आहेत. बहुतेक शाळांत ही समिती कागदावर असते आणि बैठक कोणी बोलवत नाही. मुख्याध्यापकांना लेखी द्या की समितीची बैठक शाळा सुटायच्या वेळी, शाळेतच ठेवा. साहेब दुपारी बारा वाजता गेटवर उभे राहिले की आपल्याला फार बोलावं लागत नाही.

व्हॅनवाल्या काकांनाही बैठकीला बोलवा. कोपऱ्यावर कधी कधी त्यांच्याच व्हॅन उभ्या असतात, आणि त्यांना उभं राहायला ठरलेली जागा दिली तर तेच बाकीच्यांना हुसकतात.

एवढं करून महिनाभरात काही हललं नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात, पन्नास सह्यांचं निवेदन परत करतील, म्हणून ज्या मुलाला लागलं त्याच्या आई-वडिलांच्या नावाने अर्ज करा आणि सह्यांचं पत्र मागे जोडा. सोबत आवक नंबरची झेरॉक्स. आणि पाहणी झाली पण अहवाल देत नसतील तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गल्ली_नंबर_तीन

काका, परिवहन समितीचं आमच्या मुख्याध्यापिका बाईंना आत्ताच मेसेज केला, त्या म्हणाल्या फाईल काढून बघते, उद्या भेटा. बेकरीवाले दादा सही करायला तयार आहेत, टू व्हीलरची जागा आखून मिळणार असेल तर. जिमवाले अजून तयार नाहीत, त्यांचं म्हणणं पहाटेच्या बॅचला कुठे शाळा असते.

पेठेतला_दुकानदार

मग त्यांना वेळ घालून द्या की, सकाळी सहाच्या बॅचचे लोक साडेसहाला गाडी काढणार असतील तर गल्लीत आत लावू देत. फक्त कोपऱ्याला वेळ-बिळ घालू नका, कोपरा चोवीस तास मोकळा. एकदा "सात ते एक" असा बोर्ड लागला की एकच्या नंतर तिथे ट्रक उभा राहतो आणि दुपारची शिफ्ट तशीच सुटते.

निवृत्त_जेई

हो, हे बरोबर. आणि तात्पुरता आदेश निघाला की झालं असं समजून घरी बसू नका. हरकती-सूचनांची मुदत असते त्यात पत्रं फक्त विरोधकांची येतात, ज्यांना आदेश हवा असतो ते कधीच लिहीत नाहीत, आणि मग फाईलवर शेरा पडतो "स्थानिक नागरिकांचा विरोध". त्या मुदतीत प्रत्येक पालकाने स्वतःच्या नावाने वेगळं पत्र द्यायचं, दोन ओळींचं चालेल, की आमचा ह्या आदेशाला पाठिंबा आहे. पोच घ्यायला विसरू नका.