लायसन्स गेलं तर पैसे भरणार कुठून?
वर एकांनी लिहिलंय, 'मुलांचे पैसे थकवणाऱ्या बापाचं लायसन्स काढून घेतलं की बरोबर वठणीवर येतो.' म्हणजे मुलांसाठी ठरवून दिलेली पोटगी थकली की गाडी चालवायचं लायसन्स काढून घ्यायचं. ऐपत असून टाळणाऱ्याबाबत मान्य. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने प्रत्येक राज्याला ही तरतूद करायला लावली, ती अशांसाठीच. पण ज्याची नोकरीच गेली त्याचं काय? आमच्या गोदामातला एक जण लायसन्स गेल्यावर पहाटे चारच्या पाळीला बर्फातून सायकल हाणत यायचा, आल्या आल्या ओले हातमोजे हीटरवर वाळत टाकायचा. दोन महिन्यांत ते कामही सुटलं. त्याच्या मुलीच्या हाती काय पडलं?

कुणी या फेऱ्यात असेल तर कळकळीने सांगतो, पगार घटला की त्याच आठवड्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज टाका. तिथल्या कायद्यातल्या 1986 च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे आधीची थकबाकी न्यायाधीशांनाही मागाहून कमी करता येत नाही. नोटिशीचं पाकीट तसंच पडू देऊ नका. वेळेत गेलात तर बहुतेक ठिकाणी हप्ते बांधून मिळतात. आणि थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्टही अडतो. मग गावी आई आजारी पडली तरी निघता येत नाही.