उत्तर: आठच तास उडवायचं, मग थकवा कसला?

वैमानिकांच्या थकव्याबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, 'आठ तास विमान उडवायचं, तेही निम्मं ऑटोपायलटवर, मग थकवा कसला?' आठ तास हा उड्डाणकाळ झाला. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि पार्किंगला थांबलं की संपतो. ड्युटी मात्र रिपोर्टिंगपासून, म्हणजे कामावर हजर झाल्यापासून मोजतात. धुक्यात दोन तास बसून काढले तर उड्डाणकाळात शून्य, ड्युटीत पूर्ण दोन तास. म्हणून दोन्हींना वेगळी मर्यादा असते.

वैमानिकांच्या नव्या नियमांतल्या ४८ तासांच्या साप्ताहिक विश्रांतीवर (आधी ३६) इथे बरंच बोलून झालंय. माझ्या मते खरा फरक 'रात्र' या शब्दाच्या व्याख्येत आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था) २०२४ च्या सुधारित नियमांत रात्र १२ ते ५ ऐवजी १२ ते ६ झाली. एक तासच, पण सकाळी सहाचं विमान घ्या. रिपोर्टिंग सव्वापाचला, गाडी दारात चारला, म्हणजे उठायचं तीनला. पहाटे २ ते ६ ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ. त्यातली झोप दुपारी भरून निघत नाही. जुन्या व्याख्येत ही ड्युटी 'दिवसा'ची, चार लँडिंग सहज बसायची. नव्या व्याख्येत ती रात्रीला शिवते, म्हणून उड्डाण ८ तास, ड्युटी १० तास आणि लँडिंग दोनच (आधी सहापर्यंत चालायची). तेवढ्याच फेऱ्यांना जास्त वैमानिक लागतात. कंपन्यांची कुरकुर मुख्यतः इथेच.