बूट फ्लॉपीवरून डॉस सुरू केल्यावर ‘मेमरी अपुरी’ असा संदेश

प्रश्न: माझ्या जुन्या संगणकात १६ एमबी रॅम आहे. तरीही एमएस-डॉस ६.२२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बूट फ्लॉपीवरून (संगणक सुरू करून देणाऱ्या फ्लॉपीवरून) सुरुवात केल्यास हिशेबाचा प्रोग्रॅम ‘मेमरी अपुरी आहे’ असे सांगून थांबतो. हार्ड डिस्कवरून मात्र तो व्यवस्थित चालतो. कारण काय असावे?

उत्तर १: रॅम कितीही असली तरी असे प्रोग्रॅम मुख्यतः पहिल्या ६४० केबीतच चालतात, आणि साध्या बूट फ्लॉपीवर कॉन्फिग.सिस ही (सुरू होताना डॉसने काय लावायचे ते सांगणारी) फाइल नसल्यामुळे डॉसही तिथलीच जागा अडवतो. हार्ड डिस्कवरील हायमेम.सिस (पहिल्या एक एमबीच्या पुढची मेमरी वापरू देणारी फाइल) फ्लॉपीवर कॉपी करून कॉन्फिग.सिसमध्ये ‘डिव्हाइस=हायमेम.सिस’ आणि ‘डॉस=हाय’ या ओळी लिहा, म्हणजे डॉसचा बराचसा भाग त्या पुढच्या मेमरीत जाईल. नंतर ‘मेम /सी’ ही आज्ञा दिल्यास कोणी किती जागा घेतली आहे, ते नेमके दिसेल. ते पाहिल्याशिवाय पुढचे बदल करू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उत्तर २: प्रोग्रॅमला एक्सपांडेड मेमरी (जुन्या प्रोग्रॅमना ६४० केबीबाहेर तुकड्यातुकड्याने मिळणारी जादा मेमरी) हवी असल्यास एवढ्याने भागणार नाही. हायमेमच्या ओळीनंतर ती मेमरी पुरवणारी ईएमएम३८६.ईएक्सई ही फाइल ‘रॅम’ या पर्यायासह लावावी; ‘नोईएमएस’ लिहिल्यास ती मेमरी मिळत नाही. त्यासाठी किमान ३८६ प्रोसेसर लागतो.

प्रश्नकर्ता: ‘डॉस=हाय’ केल्यावर प्रोग्रॅम सुरू झाला. दोघांचेही मनापासून आभार.