फी माफ, पण पगाराचं काय?

फी पूर्ण माफ असूनही, वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारे काळजीवाहक डिजिटल प्रशिक्षणाला नावं का देत नाहीत, असा प्रश्न विचारला जातोय. अहो, फी हा अडसर नव्हताच. शिकायला बसलेल्या तासांचा पगार कोण देणार, आणि पाळीवर बदली कोण उभं राहणार? प्रशिक्षणाच्या निधीत हा खर्च धरलेला नसेल, तर वर्ग रिकामेच राहणार.

दुसरं म्हणजे अभ्यासक्रम. स्प्रेडशीट कशाला शिकवता त्यांना? (माझाही असा एक दिवस वाया गेलाय.) नोंद कशी करायची ते शिकवा. ‘पाणी दिलं’ यातून काहीच कळत नाही. ‘११:२०, १५० मिली प्यायल्या, बाकीचं नको म्हणाल्या’ यातून कळतं. पाळी संपताना आठवून भरलेल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ पडते, मग कधी किती प्यायल्या, ते आलेख काय कपाळ दाखवणार? वजनाचंही तसंच. तीन ते सहा महिन्यांत, प्रयत्न न करता ५ टक्क्यांहून जास्त घटलं, तर कुपोषणाची शंका घ्यायची असते. रोज भरवणाऱ्या बाईला तो आकडा वाचता आला पाहिजे, नुसता भरता येऊन भागत नाही.

आणि नोंदी भरायच्या टॅबलेटच्या (उपकरणाच्या) पाठीवर चिकटवलेला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड आधी काढा. औषध कुणी दिलं, हेच त्यातून कळत नाही.