ईएसएल इम्पॅक्ट बंद झाली. ई-स्पोर्ट्समध्ये महिलांच्या स्वतंत्र लीग हव्यात का?

कडेकपारी (धागाकर्ता)

काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा संगणक-खेळ खेळणाऱ्या महिलांसाठी ईएसएल या ई-स्पोर्ट्स (स्पर्धात्मक व्हिडिओ गेम) आयोजक कंपनीने २०२२ मध्ये सुरू केलेली 'इम्पॅक्ट' ही लीग आठव्या हंगामानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झाली. सध्याचे आर्थिक गणित टिकणारे नाही, असे कारण आयोजकांनी दिले. अनेकांनी हळहळ व्यक्त केली आणि ती स्वाभाविकही आहे, परंतु अशा लीगचे मूळ प्रयोजन काय होते, हा प्रश्न निदान आता तरी मोकळेपणाने विचारायला हवा.

कुस्तीत किंवा भालाफेकीत स्त्री-पुरुषांचे गट वेगळे का असतात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माऊस आणि कीबोर्डच्या खेळात तसे शारीरिक कारण दाखवता येत नाही. २०१४ मध्ये फिनलंडमधील हार्थस्टोन या पत्त्यांच्या संगणक-खेळाची एक पात्रता स्पर्धा केवळ पुरुषांसाठी असल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर टीका झाली आणि आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघाने तो नियम लगोलग मागे घेतला. महिलांच्या वेगळ्या स्पर्धा मात्र राहिल्या. एक दरवाजा बंद ठेवणे चूक असेल, तर दुसरा बंद ठेवणे योग्य कसे?

कर्तृत्वाचे म्हणाल, तर कॅनडाच्या साशा होस्टिन, म्हणजे 'स्कारलेट', यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांग येथे स्टारक्राफ्ट २ या डावपेचांच्या खेळाची आयईएम ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि चीनच्या ली शियाओमेंग यांनी २०१९ मध्ये हार्थस्टोनच्या निर्मात्या कंपनीच्या 'ब्लिझकॉन' मेळाव्यात त्या खेळाची जागतिक अंतिम फेरी जिंकली. या दोन्ही स्पर्धा सर्वांसाठी खुल्या होत्या. याउलट महिलांच्या लीगमधील संघ प्रामुख्याने आपापसातच सराव सामने, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत स्क्रिम, खेळतात. कारण वरच्या संघांना आपल्याहून कच्च्या संघावर संध्याकाळ घालवायची नसते. मग त्याच मोजक्या संघांना एकमेकांच्या चाली पाठ होतात आणि खेळाची पातळी तिथेच अडून राहते. ज्या दुखण्यावर औषध म्हणून ही लीग काढली, ते दुखणे तिने लांबवलेच, असे माझे मत आहे.

मेघना_ना

आपला दरवाजाचा दाखला लागू होत नाही. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळातील 'गेम चेंजर्स' ही प्रामुख्याने महिलांसाठीची स्पर्धा-मालिका त्या खेळाच्या निर्मात्या रायट गेम्सने २०२१ मध्ये सुरू केली, आणि तिच्यातील संघांना खुल्या पात्रता फेऱ्या खेळण्यास कोणतीही बंदी नाही. हा दरवाजा बाहेर जाणाऱ्यांसाठी उघडाच आहे.

शारीरिक फरक नाही, हे मान्य. पण या लीगच्या समर्थकांनी तो आधार कधी घेतलाच नव्हता. अडचण कुठे येते, ते प्रत्यक्ष खेळातून पाहू. व्हॅलोरंटमध्ये पाच जणांचा संघ असतो आणि एक फेरी शंभर सेकंदांची असते. स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावल्यावर तो पंचेचाळीस सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला सात सेकंद लागतात. एवढ्या वेळात 'दोघे मागून येत आहेत' हे तोंडाने सांगावे लागते. टाइप करत बसलात तर फेरी संपलेली असते. आता अनोळखी चौघांबरोबर खेळणाऱ्या मुलीने माइक सुरू केला, की पहिल्या वाक्यालाच टिंगल किंवा त्याहून घाण काही ऐकावे लागते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक जणी माइक बंदच ठेवतात. माइक बंद म्हणजे माहिती बंद, माहिती बंद म्हणजे हरलेल्या फेऱ्या, आणि हरलेल्या फेऱ्या म्हणजे खालची रँक. मग तीच रँक दाखवून 'मुली वरपर्यंत पोहोचतच नाहीत' असे म्हटले जाते! मोकळेपणाने बोलत खेळता येईल अशी जागा, हा या लीगचा पहिला उपयोग आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

वरपर्यंत पोहोचलेल्यांचेही ऐका. दक्षिण कोरियाची किम से-यॉन, 'गेगुरी', २०१६ मध्ये सतरा वर्षांची होती. ओव्हरवॉच या नेमबाजीच्या खेळात तिचा नेम इतका अचूक होता की तिच्यावर फसवणुकीचा आरोप झाला आणि कॅमेऱ्यासमोर खेळून दाखवून तिला तो खोडावा लागला. २०१८ मध्ये ती शांघाय ड्रॅगन्सकडून ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी पहिली महिला ठरली.

जाता जाता, आपण दिलेले स्कारलेट यांचे उदाहरण अर्धेच आहे. २०११ मध्ये त्यांचे नाव प्रथम चर्चेत आले ते 'आयर्न लेडी' या केवळ महिलांसाठी असलेल्या ऑनलाइन स्पर्धा जिंकल्यामुळे.

हिशेबनीस

तत्त्वचर्चा चालू द्या, पण पैसा कोठून येतो तेही पाहा. २०२२ च्या गेम चेंजर्स अजिंक्यपद स्पर्धेची बक्षीस रक्कम पाच लाख डॉलर होती आणि त्याच वर्षीच्या मुख्य व्हॅलोरंट चॅम्पियन्सची दहा लाख. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबाने हे प्रमाण बसेल असे मला वाटत नाही. म्हणजे ही रक्कम कंपनीने स्वतःच्या मर्जीने दिलेली आहे. मर्जी फिरली की काय होते, ते इम्पॅक्टने दाखवलेच.

उंटाची_चाल

या प्रश्नाचा सर्वांत जुना अनुभव बुद्धिबळाकडे आहे आणि तो दोन्ही पक्षांना थोडा अडचणीचा आहे. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गार महिलांच्या स्पर्धांपासून जवळजवळ कायम दूर राहिल्या, २००२ मध्ये त्यांनी माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले आणि २००५ मध्ये त्या जागतिक क्रमवारीत आठव्या होत्या. धागाकर्त्यांचा मुद्दा यात संपूर्ण सामावलेला आहे. दुसरीकडे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे कोनेरू हम्पी यांना टायब्रेकमध्ये नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने त्या थेट ग्रँडमास्टर झाल्या. महिलांची स्पर्धा नसती, तर हा टप्पा त्यांना त्या दिवशी गाठता आला नसता.

मात्र बुद्धिबळात एक सोय आहे जिच्याकडे ई-स्पोर्ट्सवाल्यांचे लक्ष जात नाही. महिलांच्या स्पर्धेत खेळले तरी रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, एकच असते. हम्पी यांचे रेटिंग आणि एखाद्या पुरुष ग्रँडमास्टरचे रेटिंग एकाच मोजपट्टीवर वाचता येते, त्यामुळे वेगळ्या स्पर्धेत राहूनही आपण नेमके कोठे आहोत हे कळत राहते. गेम चेंजर्सचा विजेता संघ खुल्या स्पर्धांच्या कोणत्या पायरीवर बसेल, हे सांगणारी अशी मोजपट्टी नाही. शॉपिफाय रिबेलियन या संघाने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे हे अजिंक्यपद जिंकले, पण तेवढ्यावरून दुसऱ्या फळीतील एखाद्या खुल्या संघाशी त्यांची तुलना कशी करणार? माझ्या मते लीग वेगळी असण्यापेक्षा मोजपट्टी नसणे हा मोठा दोष आहे.

कडेकपारी

मेघनाताई, माइकचा मुद्दा वजनदार आहे. परंतु त्यावरचा उपाय शिवीगाळ करणाऱ्यांना कायमचे बाहेर काढणे हा असायला हवा. तो कंपनीला महागात पडतो, म्हणून त्याऐवजी मुलींना वेगळे अंगण आखून दिले जाते आणि त्याचे कौतुकही करून घेतले जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि लीग ही वर जाण्याची पायरी असेल, तर वर गेलेले किती? शॉपिफायची 'फ्लोरेसेंट' ही खेळाडू २०२५ च्या हंगामासाठी एपेक्स संघातून युरोपच्या मुख्य लीगमध्ये गेली. गेम चेंजर्समधून मुख्य लीगपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच, आणि तोवर मालिका सुरू होऊन चार हंगाम उलटले होते. विजेत्या संघाला दुसऱ्या फळीच्या खुल्या लीगमध्ये दरवर्षी एक राखीव जागा द्या. मग मी हा आक्षेप मागे घेईन.

मेघना_ना

राखीव जागेला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण २०१९ मध्ये रशियात घडून गेले आहे. तेथील लीग ऑफ लेजेंड्स या खेळाच्या मुख्य लीगमध्ये व्हेविक्टिस या संस्थेने पाचही महिला खेळाडूंचा संघ उतरवला. खालून वर येण्याची तयारी त्यांच्याकडून कोणी करून घेतलीच नव्हती. रॉक्स या प्रतिस्पर्धी संघाने सामन्याआधी पात्रे बाद करताना आपल्या वाट्याची पाचही बंधने 'सपोर्ट', म्हणजे सहकाऱ्यांना साहाय्य करणाऱ्या, प्रकारच्या पात्रांवर खर्च केली, कारण 'बायका तेवढेच खेळतात' ही त्या खेळातली जुनी टवाळी आहे. त्या खेळाचीही मालक असलेल्या रायटने रॉक्सला ताकीद दिली, पण खेळाडूंची शोभा व्हायची ती झाली. संघाला वर्षभरात एकही सामना जिंकता आला नाही आणि पुढच्या हंगामाआधी त्याला लीगमधून काढण्यात आले.

अख्खा संघ उचलून वर ठेवला, की प्रत्येक पराभव पाच जणींच्या नव्हे तर तमाम स्त्रियांच्या नावावर मांडला जातो. त्यापेक्षा खुल्या संघांच्या निवड चाचण्यांमध्ये गेम चेंजर्समधल्या एकेका खेळाडूला बोलावणे आणि स्क्रिमच्या वेळापत्रकात या संघांना नियमाने स्थान देणे, हे आयोजकांना आजही करता येईल. आपल्याच पहिल्या लेखातील स्क्रिमची तक्रार त्याने अर्धी तरी दूर होईल.

कडेकपारी

नियमाने दिलेला स्क्रिम वरचा संघ मन लावून खेळेल, यावर माझा विश्वास नाही. खरी चाल तो त्या दिवशी दाखवणारच नाही. स्पर्धेतला सामना असला तरच तो आपले पत्ते उघडतो. म्हणून मी जागाच मागतो आहे.