'मल्टी-कनेक्टिव्हिटी'ला मराठीत काय म्हणावं?

चौकस: डिप्लोमाच्या मुलांसाठी ५जीवर मराठीत टिपणं लिहितोय. फोन एकाच वेळी ४जी आणि ५जी, किंवा ५जी आणि वायफाय, दोन्हींवरून डेटा आणतो, त्याला 'बहुसंलग्नता' चालेल?

मुद्रितशोधक: संलग्न म्हटलं की कॉलेज आणि विद्यापीठ! वीजजोडणी, नळजोडणी रुळलेलेच आहेत, 'बहुजोडणी' लिहा की.

चौकस: मग दोन सिमचा फोनही बहुजोडणीचाच?

रेडिओवाला: नाही. तिथे दोन्ही सिम जागी असतात, पण बऱ्याच फोनांत एकावर बोलायला लागलं की दुसरं गप्प. इथे सिम एकच आणि टॉवर दोन. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १२ मध्ये, म्हणजे मानकांच्या बाराव्या आवृत्तीत, ही 'ड्युअल कनेक्टिव्हिटी' आली. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेलं ५जी याच तत्त्वावर होतं: फोनशी बोलणी ४जी करणार, डेटाचा मोठा भार ५जी उचलणार. म्हणून ४जीचा सिग्नल सुटला की ५जीही सुटतं. जिओच्या स्टँडअलोन ५जीला हा टेकू लागत नाही.

मुद्रितशोधक: मग 'दुपदरी जोडणी'? चौपदरी रस्त्यासारखी.

रेडिओवाला: शब्द झकास, पण जागा चुकली. चौपदरी झाला तरी रस्ता एकच. एका टॉवरचे दोन-तीन बँड (वारंवारतेचे पट्टे) एकत्र वापरतात त्या कॅरियर अ‍ॅग्रिगेशनला 'बहुपदरी' द्या. दोन टॉवरांसाठी 'दुहेरी जोडणी'च बरी.

चौकस: आणि वायफाय?

रेडिओवाला: ते रिलीज १६ मध्ये. तिथे तीन क्रिया वेगळ्या ठेवा, नाहीतर मुलं हमखास घोळ घालतात. नवा डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं म्हणजे 'वळवणं'. चालू डेटा एका जाळ्यावरून दुसऱ्यावर नेणं म्हणजे 'बदलणं'. एकच डाउनलोड दोन्हीकडून तुकड्यांनी आणणं म्हणजे 'विभागणं'. दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने एकदम राबतात त्या विभागण्यातच. त्यासाठी मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच डेटा अनेक वाटांनी नेणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल, वापरता येतो. आयफोनमध्ये सिरीसाठी तो २०१३ पासूनच आहे, तोही ५जीची वाट न पाहता.

चौकस: प्रकरणाचं नाव 'बहुजोडणी' ठेवतो, आत 'दुहेरी जोडणी' आणि 'बहुपदरी' वेगवेगळे. फोनला विशेषण? 'बहुजोड'?

मुद्रितशोधक: जोडव्यांचं दुकान वाटतंय. सरळ 'बहुजोडणीचा फोन' लिहा.

रेडिओवाला: आणि 'नेटवर्क'ला प्रत्येक ठिकाणी 'जाळे' करू नका. परीक्षेच्या पेपरात नेटवर्कच येतं.